टोपल्याखालचा ससाणा

गोदाबाई : टोपल्यावरचा दगड काढ आधी, सरफराज. हळू काढ. घाबरते थो.

सरफराज : आता कायले घाबरते, काकू? मेला हा. थंडा पडला.

गोदाबाई : अगं माय! सकाळी तं मान हालवत होता. म्हणून तं तुले फोन केला. म्हटलं, खुर्शीदबीचा पोरगा वनखात्यात हाये, नेईन दवाखान्यात.

सरफराज : कुठी सापडला?

गोदाबाई : बांधावर पडून होता.

सरफराज : कवा?

गोदाबाई : सोमवारी.

सरफराज : आज शुक्रवार हाये, काकू.

गोदाबाई : हयद लावली ना म्या. काई हयगय नाई केली.

सरफराज : हे पाहा, पंखात. छर्रा हाये. छर्‍याची बंदूक कोणापाशी हाये गावात?

गोदाबाई : असंन कोणापाशीई. वान्नेरं हाकलाले ठेवतात लोकं.

सरफराज : ससाणा मारणं म्हणजे जेलचं काम. साहेबाले नाव द्या लागन मले.

गोदाबाई : पुढच्या महिन्यात आमच्या पोट्ट्याची, नितेशची पोलीस भरती हाये.

सरफराज : म्या नितेशचं नाव घेतलं काय?

(गोदाबाई पदरानं पक्ष्यावरच्या मुंग्या झटकते.)

सरफराज : पण छर्‍यानं नाई मेला हा. हाड शाबूत हाये. छाती पाहा, हाडाले कातडं चिकटलं. खाऊ काय घातलं याले?

गोदाबाई : दूध-भाकर. बारीक कुस्करून. खात नव्हता, तं चोच उघडून घातली. दिवसातून चारदा.

सरफराज : या अल्ला! काकू, हा उंदीर खाते, टोळ खाते. मांसाबिगर जगत नाई हा.

गोदाबाई : आमी महानुभाव, बाप्पा. आमच्या घरात अंडंई येत नाई. मले वाटलं, आपल्या घरी आला तं आपलं खाईन.

(सरफराज ससाण्याच्या चोचीवरचा वाळलेला भाकरीचा चुरा पुसतो.)

गोदाबाई : सोमवारीच तुले सांगतलं असतं तं?

सरफराज : जाऊ द्या आता.

गोदाबाई : खरं सांग.

सरफराज : वाचला असता. महिन्याभरात उडाला असता.

गोदाबाई : पोट्ट्यापायी झाकून ठेवला म्या याले. नेम पक्का करून राहिला होता म्हणे, भरतीसाठी.

सरफराज : भरतीत नेम कोण पाह्यते? धावाले लावतात.

गोदाबाई : काढ तुहा पंचनाम्याचा कागद.

सरफराज : इचार करा, काकू. 'अज्ञात इसम' लिहितो मी. कोणाले पता लागत नाई. लहानपणी तुमच्या हातचं खाल्लं म्या.

गोदाबाई : तुलेई दूध-भाकरच चारली होती. तुले मानवली.

सरफराज : पोराची जिंदगी हाये, काकू.

गोदाबाई : हे त्याले माहीत नव्हतं काय? लिव्ह. छर्रा नितेशचा. अन् त्याच्या वरतं माह्यं नाव लिव्ह.

सरफराज : तुमचं काय लिहू?

गोदाबाई : उपाशी मारला म्हणून.