शेवटचा फोटो

आर्णीच्या स्टँडवरून पुण्याची गाडी सुटली, तसं स्टँडच्या बाकावर ममताच्या शेजारी बसलेल्या रोशन फोटोग्राफरनं नव्या कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं.

"गाडीचे कायले फोटो काढतं, बापू?" पलीकडच्या म्हाताऱ्या इंदूबाईंनी विचारलं.

"कॅमेऱ्याची स्पीड पाहून राह्यलो, मावशी. धडाधड वीस फोटो निंघाले. धावत्या गाडीचा नंबर वाचता येते. एकबी हलला नाही."

"मागच्या खिडकीत निळा शर्ट दिसते काय?"

"दिसते ना. कोण हाये?"

"माहा पोरगा. औंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, त कंपनीत कामाले चालला. माह्या डोळ्यात मोतीबिंदू, मले काही दिसलं नाही. त्यानं मांगं वळून पाह्यलं काय?"

रोशन एकेक फोटो सरकवू लागला. ममताही वाकली.

"याच्यात?"

"मोबाइल पाहून राह्यला."

"अन् याच्यात?"

"याच्यातबी."

"शेवटच्यात?"

ममताला शर्टाची कॉलरसुद्धा स्पष्ट दिसत होती. रोशननं कॅमेरा बंद केला.

"शेवटचा हलला, मावशी. काहीच दिसत नाही."

"मंग त्यातच वळला असन."