पोह्यांवरचं लिंबू

हसू नका, पण पोहे दिसले की मला अजून घाम फुटतो. मुलगी बघायला हुडको कॉलनीत गेलो होतो. तिच्या बाबांनी आधीच विचारलं, "पोरगा गुटखा-गिटखा तं नाही खात ना?"

"छे!" माझी आई म्हणाली.

तेवढ्यात माझ्या पांढऱ्या शर्टावर पोहे सांडले. बाथरूममध्ये साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला! तसाच बाहेर आलो.

"पिचकारी मारून आले का?" बाबा उठलेच.

मुलीने बशीतलं लिंबू डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा.

"हळद आहे, बाबा. साबणानं लाल होते, लिंबानं पिवळी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण ह्यायचं तोंड लाजून लालच आहे. तिथंही पिळू का?"

आता लग्न झालंय. पोहे वाढताना ती रोज विचारते, "लिंबू खायले देऊ, का शर्टाले?"