मांजराचा श्रावण

मुलुंडच्या बसस्टॉपवर इरावतीबाई माळ जपत बसल्या होत्या, पण कान मात्र शेजारच्या दोघींकडे होते.

"शकु, तोंड का गं उतरलंय तुझं?"

"समोरची किरण आठ दिवस गोव्याला गेली. चावी वॉचमनकडे ठेवली आणि मला मेसेज केला, 'मांजराला रोज बोंबील उकडून घाल. थँक्स इन ॲडव्हान्स!'"

"श्रावणात? तुझ्या घरात तर कांदासुद्धा शिरत नाही!"

"तेच ना!"

"मग नाही म्हण सरळ."

"कसं म्हणू? आभार मानून मोकळी झाली ती. ते शेवटचं मराठीत लिहिलं असतं, तर 'जमेल का गं?' असं विचारावं तरी लागलं असतं."

"आणि मांजर?"

"दारामागून ओरडतंय बिचारं. मुक्या जिवाला उपाशी ठेवलं तर पाप लागेल."

"मग आण बोंबील."

"गप गं! थांब, लिहितेच तिला."

"मोठ्याने वाच."

"'किरण, काळजी करू नकोस. मी दूधभात घालते. तू येईपर्यंत तुझं मांजर माझ्याबरोबर श्रावण पाळेल. थँक्स इन ॲडव्हान्स.'"

हसण्याच्या नादात इरावतीबाईंचा मणी चुकला. त्यांनी माळ पुन्हा पहिल्यापासून धरली.