ढाबळीचं दार

थोरली: अरे, पण कबुतरांचा डबा आहे हा. हा वाजवला की ही तुझी कुत्री कशाला उठते?

धाकटा: कारण काल तू ह्याच डब्यातून तिला बिस्कीट दिलंस.

थोरली: एकच दिलं.

धाकटा: ताई, तिला एक पुरतं. अठरा दिवस मी घसा कोरडा करतोय. डबा वाजला म्हणजे कबुतरांचं जेवण, तुझं नाही, तू जागेवर बस. आणि तू एका बिस्किटात सगळं पाण्यात घातलंस.

थोरली: बघत होती रे माझ्याकडे. उद्याच्या लग्नाचे कपडे आजच शिवून मागणाऱ्या बायकासुद्धा इतक्या केविलवाण्या बघत नाहीत.

धाकटा: पुन्हा वाजव.

थोरली: हात दुखला माझा.

धाकटा: दिवसभर कात्री चालवताना नाही दुखत. वाजव. भुरी, थांब. थांब. बघ, नुसता कान हलला. शाब्बास, भुरी. आता परत.

थोरली: शाब्बासकी तिला आणि डबा वाजवायचा मी. मला कोण म्हणणार शाब्बास?

धाकटा: वीस वेळा वाजवून बिस्कीट दिलं नाहीस तर मी म्हणेन.

थोरली: लहानपणी एवढा शिस्तीचा असतास तर शाळेत पहिला आला असतास. सहा. सात. काय रे, ही खरंच कामाची आहे ना? तुमच्या कंपनीनं नापास केलेलं कुत्रं माझ्या माथी मारतोयस.

धाकटा: नापास झाली ती चावत नाही म्हणून. गोदामाच्या राखणीला चावणारं कुत्रं लागतं. तुला कुठं चावणारं हवंय?

थोरली: त्या फाटक्या कानाच्या बोक्याला चावली तर मी पेढे वाटेन. सात कबुतरं नेली मेल्यानं.

धाकटा: त्याला चावायला शिकवलं तर उद्या पंखवाल्यालाही चावेल. तिच्या लेखी दोन्ही पळणारी जनावरंच. म्हणून मी एवढंच शिकवलंय, बोक्याचा वास आला की उठायचं आणि तो नि ढाबळ यांच्या मधे जाऊन उभं राहायचं. पाठलाग नाही, भुंकणं नाही.

थोरली: भुंकणंसुद्धा नाही?

धाकटा: ती भुंकली तर तुझी पांढरी दचकून अंड्यांवरून उठेल. मागच्या खेपेला तेच झालं ना?

थोरली: तेच. दार बंद होतं तरी बोका ढाबळीच्या छपरावर येऊन बसला. काही केलं नाही, नुसता बसला. पांढरी भेदरून कोपऱ्यात जाऊन बसली ती परत घरट्याकडे फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी मी अंडी हातात घेतली तर गार. ह्या वेळी सतरा दिवस निभावलेत. उद्या फुटायला हवीत.

धाकटा: आणि उद्याच सकाळी दार उघडायचं.

थोरली: तुझं म्हणणं, दार सताड उघडं टाकून आपण निघून जायचं.

धाकटा: निघून नाही. जिन्याच्या दाराआड बसायचं. पण आपण तिला दिसता कामा नये. माणूस समोर असलं की कुठलंही कुत्रं शहाण्यासारखं वागतं.

थोरली: माणसंही.

धाकटा: काय?

थोरली: काही नाही. बारा झाले की तेरा? अरे, परवा केलं तर? पिल्लं बाहेर येऊ देत, मग बघू.

धाकटा: परवा सकाळच्या गाडीनं मी निघतोय. रजा संपली. भुरीला इथं ठेवायचं की बरोबर न्यायचं, ते उद्या ठरायला हवं. कच्चं कुत्रं तुझ्या पदरात टाकून मी जाणार नाही.

थोरली: नेलंस, तर सुताराला मी सांगून ठेवलंय. उद्या दहाला येतोय. ढाबळ मोडायची आणि उरलेली पाच कबुतरं कुणाला तरी देऊन टाकायची.

धाकटा: सुताराला कधी सांगितलंस?

थोरली: तू यायच्या आधीच. असा बघू नकोस. कोंडून ठेवायची तर पाळायची कशाला? दोन महिने झाले, एकालाही मी बाहेर सोडलेलं नाही. पूर्वी खाली मशीनवर बसले की वरून उडतानाची फडफड ऐकू यायची. बरं वाटायचं, घरात कुणी बोलतंय असं. आता ऐकू येते ती जाळीवर आपटायची. मला नाही सहन होत ते.

धाकटा: म्हणूनच म्हणतो, उद्या उघड.

थोरली: आणि काही झालं तर?

धाकटा: ताई, एक सांगू? तुला बोक्याची भीती वाटत नाही.

थोरली: भलतंच काय.

धाकटा: अठरा दिवस बघतोय मी. बोका कठड्यावर दिसला की तू चप्पल उचलतेस. भुरी ढाबळीजवळ गेली की तू श्वास रोखून धरतेस. तुला खंड्या आठवतो.

थोरली: कशाला काढतोस ते.

धाकटा: काढायलाच हवं, नाहीतर तू उद्या कडीवरचा हात काढणार नाहीस. माझा कुत्रा होता तो. त्या दिवशी मी त्याला बांधायला विसरलो आणि त्यानं तुझी कबुतरं मारली. नऊ वर्षांचा होतो, त्याला काही शिकवावं एवढी अक्कल मला नव्हती. पुढं हे काम धरलं ते त्याच्यामुळेच. आजही कुठलंही नवीन कुत्रं आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याच्या नाकावर पीस ठेवतो. ते शांत बसेपर्यंत पुढचा धडा नाही. साहेब हसतात, म्हणतात गोदामात काय कबुतरं आहेत का? मी म्हणतो, नसू देत.

थोरली: सगळ्या कुत्र्यांना हेच करतोस?

धाकटा: सगळ्यांना. दोनशेच्या वर झाली असतील.

थोरली: बस कर.

धाकटा: काय झालं? डबा का ठेवलास?

थोरली: बस कर रे. खंड्यानं नव्हती मारली.

धाकटा: त्याच्या तोंडाला पीस होतं. मी डोळ्यांनी बघितलं.

थोरली: तू मागाहून आलास. मेलेलं एक उचलून त्यानं माझ्यापुढं आणून ठेवलं होतं. अगदी हळू. त्याचंच पीस चिकटलं होतं. मारली एका बोक्यानं. मी बघितला त्याला भिंतीवरून जाताना, तोंडात एक धरून.

धाकटा: पण तेव्हा तर ढाबळीला कायम कडी असायची. मला वाटलं, खंड्यानंच धडका देऊन ती उघडली.

थोरली: मी लावली नव्हती. दाणे घालत होते, खालून मैत्रिणीनं हाक मारली, तशीच पळत सुटले. दार उघडं टाकून.

धाकटा: मग बाबांना सांगितलं का नाहीस?

थोरली: सांगणार होते. बाबांनी विचारलं, कुणाची चूक? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू पुढं झालास. रडत रडत म्हणालास, मी खंड्याला बांधलं नव्हतं. आणि मी गप्प बसले. वाटलं, चार शब्द बोलतील आणि विसरतील. संध्याकाळी त्यांनी खंड्याला टेम्पोत घातलं आणि कुठंतरी लांब नेऊन सोडलं.

धाकटा: मी त्या टेम्पोमागे पळालो होतो.

थोरली: माहीत आहे. मी खिडकीत उभी होते.

धाकटा: बेचाळीस वर्षं, ताई.

थोरली: तू आलास की दर वेळी ठरवायचे, आता सांगून टाकू. मग तू एखाद्या नव्या कुत्र्याचं कौतुक सांगायला लागायचास आणि मी चहा टाकायला उठायचे. हे नाकावर पीस ठेवायचं मला आज कळलं. वाटेल ते बोल.

धाकटा: भुरीच्या भांड्यात पाणी घाल. आणि तू खाली जा. मला जरा एकट्याला बसू दे इथं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. गच्चीच्या जिन्यात, वरच्या पायरीवर दोघं. समोरच्या दाराला बोटभर फट.)

थोरली: उघडलं बाबा ढाबळीचं दार. झोपलास का काही?

धाकटा: हळू बोल. नाही झोपलो.

थोरली: माझ्यावर चिडून?

धाकटा: चिडून. अजून आहे थोडा राग. पण पहाटे पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानात आली. खंड्या चांगला कुत्रा होता. मला हे माहीतच नव्हतं, ताई. इतकी वर्षं त्याची आठवण आली की आधी लाज वाटायची. आज पहिल्यांदा नुसता तो आठवला. त्याचा तो वाकडा पाय, ते चालणं.

थोरली: तिरका चालायचा. पुढं कुठं निघालाय तेच कळायचं नाही.

धाकटा: हो. सरक जरा, मला दिसत नाही. भुरी जागेवर आहे.

थोरली: नर बाहेर आला बघ. दारात उभा राहिलाय. जा की रे. विसरला बहुतेक उडायचं.

धाकटा: विसरत नाहीत.

थोरली: कठड्यावर बसला. आता... गेला. गेला रे वर. अगंबाई, दुसरी जोडीपण निघाली.

धाकटा: डोळे पूस आणि पाण्याच्या टाकीकडे बघ.

थोरली: मेला. आला का?

धाकटा: आलाय. दबा धरून बसलाय. ढाबळीत कोण कोण आहे?

थोरली: पांढरी अंड्यांवर आणि तो एकटा राहिलेला म्हातारा. मी जाऊ का?

धाकटा: बस. तू गेलीस तर काल एवढ्या वेळा डबा वाजवलास तो फुकट.

थोरली: उतरला खाली. अरे, ही अजून झोपलीये.

धाकटा: झोपलेली नाही, नाक बघ तिचं. उठली.

थोरली: उभी राहिली मधे. आणि आता?

धाकटा: आता काही नाही. एवढंच.

थोरली: तो हलत नाहीये.

धाकटा: तीही नाही.

थोरली: पंजा चाटायला लागला. जसा काही त्यासाठीच एवढ्या भिंती चढून आला होता.

धाकटा: मान राखून माघार घेतोय. घेऊ दे. चालला. टाकी, कठडा, पलीकडची भिंत. गेला.

थोरली: खरंच गेला रे. आणि एक आवाज नाही. नापास म्हणे. ज्यानं केली त्याला आणून दाखव इथं.

धाकटा: थांब. ही कुठं निघाली?

थोरली: ढाबळीकडे.

धाकटा: हे मी शिकवलेलं नाही. तिनं परत जागेवर बसायचं होतं.

थोरली: दाराशी खाली काहीतरी हुंगतेय.

धाकटा: उचललं तिनं. ताई, तोंडात पांढरं आहे काहीतरी. भु...

थोरली: गप्प. ओरडू नकोस.

धाकटा: सोड हात माझा.

थोरली: नाही सोडत. येऊ दे तिला. आधी बघू काय आणलंय, मग काय बोलायचं ते बोल.

धाकटा: इकडंच येतेय.

थोरली: माझ्याकडेच येणार ती. ये गं. ये भुरी. दे बघू. माझ्या हातावर ठेव. घाबरू नकोस, कुणी काही म्हणत नाही तुला.

धाकटा: काय आहे?

थोरली: टरफल आहे.

धाकटा: अंडं खाल्लं?

थोरली: रिकामं आहे रे. चिकट नाही, काही नाही. हे बघ, कडेनं कसं सरळ कापल्यासारखं उघडलंय. आतून फोडलेलं आहे हे. पिल्लू निघालं की पांढरी टरफल चोचीत धरून बाहेर आणून टाकते, घरट्यात ठेवत नाही. हिनं ते मला आणून दिलं.

धाकटा: थांब, मी आत बघून येतो.

थोरली: वाकून बघ, हात घालू नकोस. दिसलं?

धाकटा: एक आहे. पिवळट, ओलं. दुसऱ्या अंड्याला चीर गेलीये. पांढरी मला चोच मारायला बघतेय.

थोरली: मारू दे. बरं लक्षण आहे ते. अरे, तू रडतोस काय?

धाकटा: तूसुद्धा रडतेस.

थोरली: मी मघापासूनच रडतेय. खंड्यानं त्या दिवशी हेच केलं होतं, जे दिसलं ते आणून माझ्यापुढं ठेवलं. मी एक वाक्य बोलले असते तर तो राहिला असता. मला फार वाईट वाटतं रे.

धाकटा: मलाही वाटतं. आज तू माझा हात धरला नसतास तर मी हिच्यावर ओरडलो असतो. दोनशे कुत्री शिकवली आणि ऐन वेळी मलाच थांबता आलं नाही.

थोरली: मग शाब्बास म्हण मला. कालचं राहिलंय.

धाकटा: शाब्बास, ताई.

थोरली: आणि उद्याच्या गाडीनं तू एकटाच जायचं. ही राहतेय.

धाकटा: सुतार येईल आता दहाला.

थोरली: येऊ दे की. फळ्या घेऊन यायला सांगते. ढाबळीला लागून हिला छप्पर पाहिजे, दुपारी ऊन फार तापतं इथं. आणि छपराची उंची तू सांग, तू असेपर्यंत होऊन जाऊ दे.

धाकटा: चल मग खाली. कबुतरं अजून वर आहेत, यायला वेळ लागेल. कडी लावून घेऊ का?

थोरली: राहू दे. कुणी विचारलं तर सांग, दार ताईनं उघडं ठेवलंय.