लाडूचा उपास

...अन् वरून मलाच म्हणतेत, 'सिंधु, तुझं काळीज दगडाचं हाय!' दगडाचं? तुम्हाला सांगते, तीन दिवस त्या काचेच्या पेटीपुढं पाट टाकून राखण कुणी केली? मी! अन् कशाची? मुठीएवढ्या एका माशाची! लाडू त्याचं नाव. ठेवलं आमच्या सुकन्यानं, अन् पोरगी गेली लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला, मासा माझ्या गळ्यात! जाताना म्हणली, 'आई, लाडूला काही झालं तर मी परीक्षा सोडून येईन.' अन् येईलच हो, माझीच लेक हाय ती! परीक्षा रविवारी, अन् त्याच्या आधीच्या सोमवारी बघते तर लाडू उताणा!

मेला न्हाई. उताणाच पोहून राहिला, पोट वर, डोळे खाली, लग्नाची पंगत उठल्यावर आमचे मालक पडतेत ना, हुबेहूब तसा! संध्याकाळी पोरीचा तोंड दिसायचा फोन. 'आई, लाडू दाखव.' मी काय केलं, फोनच उलटा धरला. 'बघ, कसा सरळ हाय!' तर म्हणते, 'आई, मग पेटीतली वाळू वर कशी?' म्हणलं, 'अभ्यास कर!'

दुसऱ्या दिवशी लाडूला बरणीत घातला अन् यष्टीनं नांदेड गाठलं, रिजवानचं माशाचं दुकान. त्यानं बरणी उजेडात धरली. 'मावशी, माशाच्या पोटात हवेची पिशवी असती, तिच्यावर तो तोल धरतो. ह्याला लई खाऊ घातलंय तुम्ही. पोट गच्च, पिशवी दबली, झाला उताणा. तीन दिवस कायबी घालू नका. चौथ्या दिवशी उकडलेला वाटाणा, साल काढून, जरासा. बस!'

बस म्हणे! कंधारात आजारी जिवाला उपाशी ठेवणं सोपं हाय का? गल्लीभर बोभाटा झाला, लोक भेटायला यायलेत, अन् आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण येतंय? गौसियाबी शेजारची, 'अगं, बिचारा कैसा सुकलाय,' अन् पदराआडून बिस्किटाचा चुरा! म्हणलं, मासा हाय तो, पाव्हणा न्हाई! ती गेली, तर सासूबाई, 'माझ्या हयातीत ह्या घरात कुणी उपाशी निजलं न्हाई,' अन् हातात वाटी. शिरा! तुपातला! अहो, मासा हाय तो, पाव्हणा न्हाई! अन् मालक, शेषेराव, एवढे कर्ते पुरुष, 'मी नुसतं बघून राहिलो...' म्हणलं, मूठ उघडा. उघडेनात! उघडली तर पोहे. फोडणीचे! मासा हाय तो...

आता खरं सांगू? मला तरी कुठं घास उतरतोय? भाकरी मोडली की तो काचेला तोंड लावून बघतोय, तोबी उताणाच! घरात जीव उपाशी अन् आपण कसं गिळायचं? सारलं ताट. तीन दिवस नुसत्या चहावर काढले, कुणाला कळलंबी न्हाई. कळायला माझ्याकडं बघत होतं कोण?

शनिवारी वाटाणा उकडला. एकच. साल काढली, नखानं कुस्करून अर्धा घातला. खाल्ला मेल्यानं! दुपारपर्यंत हालला, डुलला, अन् मग हळूच... सरळ! संध्याकाळी फोन आला, ह्या वेळी मी सरळच धरला. 'आई, वाळू खाली हाय!' म्हणून पोरगी हुंदके देऊन राहिली. म्हणलं, 'रडू नको, उद्याचा पेपर बघ,' अन् फोन ठेवून पाटावरनं उठले, तर डोळ्यापुढं काजवे, अन् मी धाडकन आडवी!

सगळी गल्ली धावली. मला वाटलं, आता तरी शिरा येईल, गेला बाजार बिस्किटाचा चुरा... कसलं काय! सगळेच पेटीच्या काचेला नाक लावून, 'सरळ झाला गं बाई, सरळ झाला!' अन् सासूबाई तिकडूनच, पाठमोऱ्या, 'हिचंबी पोटच गच्च झालं असंल. तीन दिवस काही देऊ नका हिला!'

शेवटी मालकाला दया आली. जवळ बसले, अन् हळूच म्हणले, 'सिंधु, अर्धा वाटाणा उरलाय. साल काढलेलाच हाय.'

खाल्ला. काय करता? मी काय पाव्हणी हाय का!