डोनटच्या दुकानातले डांबरवाले

...आता तुम्हीच सांगा, डोनट तळायला रोडरोलर लागतो का? नाही ना? पण आमच्या विस्कॉन्सिनात ल्युएलाच्या दुकानात कागदोपत्री अख्खी डांबरवाल्यांची टोळी डोनट तळत होती, आणि तिला तिथं घुसवलं कुणी, तर ल्युएलाच्या सख्ख्या भावानं, ऑर्व्हिलनं!

तुम्हाला सांगते, इकडं मालकानं माणूस घरी बसवला की सरकार त्याला बेकारीचा भत्ता देतं आणि त्याचा कर मालकाकडून घेतं. जितकी माणसं बसवाल तितका दर चढा. ऑर्व्हिल रस्ते करणारा. जमीन गोठली की, "जा बाबांनो, हरणं मारा!" वसंतात परत हाक. दर जाईल कुठं? आभाळाला! आणि ल्युएलानं जन्मात कुणाला काढलं नाही. त्या डोलोरेसची बोटं संधिवातानं वाकडी झाली, एक डोनट उलटेस्तोवर दुसरा करपतो, तरी ठेवलीय! म्हणून हिचा दर एवढुस्सा.

झालं, ऑर्व्हिलच्या डोक्यात वळवळला किडा! "ल्यू, माझी कंपनी बंद, माणसं तुझ्या दुकानात. नुसती कागदावर गं!" भिडेपोटी हिनं सही केली. ट्रकवरचं जुनं नाव खरवडलं, वर गुलाबी डोनट रंगवला... पण माणसं तीच, ट्रक तेच, शिव्या त्याच!

हिवाळा तोंडावर आला तशी ल्युएलाची झोप उडाली. "अरे, आता तू सगळ्यांना घरी बसवणार, डाग माझ्या दुकानावर! दर चढला की डोलोरेसला काय सांगू, जा, हरणं मार?"

"सरकारला काय कळतंय गं!"

अन् त्याच आठवड्यात कंपन्या-कंपन्यांतल्या सॉफ्टबॉल स्पर्धेचा सामना. ऑर्व्हिलच्या गड्यांचा संघ सगळ्यांच्या पुढं, पण नियम असा की कंपनीचं नाव बदललं तर संघ नवा, मागचे गुण शून्य! हा मैदानात घुसला, टोपी आपटली, "शून्य कसे? नाव बदललं म्हणून काय झालं? माणसं तीच, ट्रक तेच, शिव्या त्याच! मालक मीच! मागचं सगळं आमच्याच नावावर राहिलं पाहिजे!"

पंच होती बर्निस पाव्हलिक. संध्याकाळी पंच, आणि दिवसा? दिवसा त्याच बेकारीच्या कराच्या कचेरीत! रागाच्या भरात हा विसरला हो...

बर्निस म्हणाली, "परत बोल रे ऑर्व्हिल, सावकाश." हा परत बोलला, आणखी मोठ्यानं! ल्युएलानं डोळेच मिटले.

"पटलं. गुण तुमचेच," बर्निस म्हणाली. आणि सोमवारी सकाळी दुकानात हजर! "मागचं सगळं तुझ्याच नावावर, ऑर्व्हिल. कायदाही तेच म्हणतो. मालक तोच असला की माणसं कुठल्याही नावाखाली लपव, जुना दर मालकाच्या मागोमाग येतो." ऑर्व्हिलवर जुना दर बसला, वर दंड बसला. ल्युएलाला सहीबद्दल चांगलं झापलं, पण तिचा एवढुस्सा दर तसाच राहिला. डोलोरेस अजून डोनट करपवतेय.

माणूस सुधारला म्हणता? काल माझ्याशेजारी बाकावर टेकला. "आजी, तुमच्या नातवाचं सलून कसं चाललंय हो? कुणाला काढलंबिढलं तर नाही ना?"

म्हटलं, ये बाबा, घेऊन ये तुझं डांबर. तिथं तसंही लोक डोक्याला काळंच फासून घ्यायला येतात.