अर्जदार गैरहजर

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय प्रमुख न्यायाधीश महोदया, मंचावर उपस्थित वकील संघाचे अध्यक्ष, न्यायालयाचे अधीक्षक, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते अभिलेख कक्षाचे प्रमुख आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, समोरचे कर्मचारी, वकील मंडळी, आणि चहा भाषणांच्या आधी आहे की नंतर या काळजीत मागच्या खुर्च्यांवर बसलेले सर्व बंधुभगिनी, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

मी या न्यायालयात नोकरीला नव्हते आणि वकीलही नाही. मी इथली एक पक्षकार. आपल्या निरोपाला पक्षकारांपैकी एकाने तरी बोलावं, असा हट्ट सत्कारमूर्तींनी धरला, म्हणून मी इथे आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालक बाईंनी मघाशी हळूच कानात सांगितलं, "थोडक्यात हं, मॅडम." मी कॉलेजच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं लोकांना गप्प बसवण्याचं काम केलं. त्या काळात माझंही बरंच बोलायचं राहून गेलं आहे, तेव्हा सूत्रसंचालक बाईंनी मन घट्ट करावं.

माझ्या आधीचे वक्ते म्हणाले, सत्कारमूर्ती शांत, मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष आहेत. निवृत्तीच्या दिवशी कोण नसतं? माझ्या निरोपाला मलासुद्धा मनमिळाऊ म्हणाले होते. त्यामुळे मी विशेषणं बाजूला ठेवते आणि काय घडलं ते सांगते.

दीड वर्षापूर्वी एका दुपारी माझ्या दाराची घंटा वाजली. दारात साठीची एक बाई, छातीशी प्लॅस्टिकची फाईल धरलेली. म्हणाली, "ताई, मी त्यांची मंडळी."

"त्यांची म्हणजे कोणाची?" मी विचारलं. एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात असं कोड्यात बोलू नये.

तिने नाव सांगितलं. ते माझ्या पूर्वीच्या नवऱ्याचं होतं. चार महिन्यांपूर्वी ते वारले होते. आमचा घटस्फोट झाला त्याला चाळीस वर्षं झाली. त्यानंतर वर्षभराने त्यांनी हिच्याशी लग्न केलं. म्हणजे ही माझ्या जागी आलेली. पुढे मी तिला धाकटी म्हणू लागले, इथेही तेच म्हणते.

तिच्या फाईलमध्ये एक कागद होता. विधवा म्हणून पेन्शन मिळावी असा तिचा अर्ज त्यांच्या कार्यालयाने परत पाठवला होता. त्यावर शेरा होता : पहिली पत्नी हयात, घटस्फोटाचा पुरावा नाही. त्या गृहस्थांनी नोकरीला लागताना पत्नी म्हणून माझं नाव लिहिलं आणि नंतर ते बदलण्याचा कंटाळा केला. माझ्या ओळखीचेच होते ते, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही.

मी त्या कार्यालयात फोन केला. तिथला कारकून मोठ्या प्रेमाने म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डला तुम्हीच पत्नी आहात. अर्ज करा, पेन्शन तुम्हालाच मिळेल. दुसऱ्याच्या भानगडीत कशाला पडता?"

मी म्हटलं, "तुमचं नाव सांगा." त्याने फोन ठेवला.

सभ्य स्त्रीपुरुषहो, मी त्या गृहस्थांची पत्नी चार वर्षं होते आणि ती चार वर्षं मला पुरून उरली. मेल्यावर त्यांनी मला पुन्हा बायको करावं आणि जिने अडतीस-एकोणचाळीस वर्षं त्यांचा संसार केला ती कोणीच नसावी, हे मला मान्य नव्हतं. तेव्हा मला घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत हवी होती.

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडची प्रत कुठे गेली? ती मी जाळली. त्यांच्या दुसऱ्या लग्नाची बातमी आली त्या दिवशी गॅसवर धरून जाळली. ग्रंथपाल असून कागद जाळला, हा माझा गुन्हा मी भर सभेत कबूल करते. तरुणपणी राग येतो. म्हातारपणीही येतो, पण तेव्हा प्रत काढून ठेवावी एवढी अक्कल आलेली असते.

मग तुमच्या खिडकीपाशी माझ्या खेपा सुरू झाल्या. खिडकीतून आवाज येई, "नावावरून सापडत नाही. दावा क्रमांक आणि वर्ष आणा." आमच्याकडे पुस्तकाचा लेखक विसरला तर नावावरून शोधता येतं, नाव विसरलं तर विषयावरून. इथे माणूस स्वतःचं लग्न मोडल्याचा कागद मागायला आला, तरी त्याचं नाव कोणाच्या उपयोगाचं नाही. ही कसली पद्धत? पण माझ्या जुन्या डायरीत क्रमांक होता. मी घटस्फोटाचा अर्ज केला त्याचा. तो दिला आणि वाट पाहत बाकावर बसले.

धाकटी प्रत्येक वेळी सोबत यायची. तिचे गुडघे दुखतात, तरी यायची. एकदा बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, ते तेव्हाही घोरायचे का हो?"

म्हटलं, "तेव्हा नुसता सराव चालला होता."

"मग मला तयार झाल्यावर मिळाले," ती म्हणाली. दोघी इतक्या हसलो की शिपाई येऊन शांतता राखायला सांगून गेला. "शांतता राखा" हे मला कोणी ऐकवण्याची ती पहिलीच वेळ.

नवव्या दिवशी सत्कारमूर्ती स्वतः बाहेर आले. गळ्यात सुती दोऱ्यांचा जुडगा. सोडलेला गठ्ठा नवी दोरी बांधल्याशिवाय फळीवर ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून तुम्ही सगळे त्यांना दोरीवाले म्हणता, ते मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही. त्यांनी फाईल उघडली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं : अर्जदार गैरहजर. अर्ज काढून टाकण्यात येतो.

म्हणजे कागदोपत्री घटस्फोट झालाच नव्हता; मी जाळलेल्या हुकूमनाम्याचा त्या फाईलमध्ये मागमूस नव्हता. त्या कागदाप्रमाणे मी चाळीस वर्षं त्या गृहस्थांची बायको होते.

धाकटीने माझा दंड धरला. म्हणाली, "मग ताई, मी कोण?"

मी फाईल माझ्याकडे ओढली आणि ते पान पुन्हा वाचलं.

दोरीवाल्यांनी मला विचारलं, "बाई, या तारखेला तुम्ही कुठे होतात?"

"चाळीस वर्षांपूर्वी? मला काय आठवणार?"

"आठवून बघा. तुम्ही निकालाच्या दिवशी घरी बसाल असं मला तरी वाटत नाही." मग त्यांनी समजावलं. त्या काळी वकील बरेचदा असं करत. भांडणाचा अर्ज आधी पडलेला असे, मग दोन्हीकडचं जुळलं की तारखेला कोणी जायचंच नाही. तो अर्ज आपोआप निघून जाई आणि दोघांच्या संमतीचा नवा अर्ज पडे. क्रमांक नवा, आणि बहुधा नवऱ्याचं नाव आधी. "तुम्ही दोघांनी मिळून अर्ज केला होतात का?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. "मी त्यांना घटस्फोट दिला."

बहिणींना, मैत्रिणींना, ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांना मी हेच सांगत आले होते. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी खोटं बोलू नये हे छडी मारून शिकवलं होतं, आणि हे मला कधी खोटं वाटलंच नाही.

दोरीवाले शांतपणे म्हणाले, "बाई, लोक काय सांगतात ते माझ्याकडे नसतं. माझ्याकडे फक्त सह्या असतात."

आणि मला इथलाच व्हरांडा आठवला. एक बाक, त्यावर आम्ही दोघं, मध्ये वकिलाची बॅग. त्यांच्या पेनातली शाई संपली म्हणून मी माझं दिलं होतं. आम्ही मिळून अर्ज केला होता. चार वर्षांत दोघांच्या मताने झालेली तेवढी एकच गोष्ट, आणि तिचंही श्रेय मी एकटीने घेतलं होतं. त्या फुशारकीपायी मी चुकीचा क्रमांक घेऊन नऊ दिवस बाकावर बसले आणि धाकटीचा जीव टांगणीला लावला.

मी खाली मान घालून सांगितलं, "केला होता."

"मग सापडेल," दोरीवाले म्हणाले. त्यापुढच्या सहा महिन्यांच्या नोंदवह्या त्यांनी काढल्या आणि आपलं रोजचं काम सांभाळून एकेक नाव वाचलं. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. नियमात ते बसत नाही. क्रमांक नाही, सबब कागद मिळत नाही, असा शेरा मारून त्यांना मोकळं होता आलं असतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा निरोप आला.

शिक्क्याची प्रत मी आधी धाकटीच्या हातात दिली. ती उभ्यानेच वाचू लागली. "परस्पर संमतीने विवाह संपुष्टात" इथवर आली आणि खाली बसली. मग तारीख पुन्हा पुन्हा वाचली. तिच्या लग्नाच्या अकरा महिने आधीची होती ती. आम्ही दोघी त्या कार्यालयात गेलो. माझं नाव खोडून तिचं नाव लिहिलं जाईपर्यंत मी त्या कारकुनाच्या टेबलासमोर उभी राहिले. बसा म्हणाला, बसले नाही.

आता माझा मुद्दा. मी दोरीवाल्यांना विचारलं, सोडून दिलेल्या अर्जाच्या पुढचे सहा महिने बघायचे, हे आणखी कोणाला ठाऊक आहे? ते म्हणाले, "मला." म्हणजे आज संध्याकाळी पाच वाजता ते घरी जातील आणि त्यांच्याबरोबर तेही जाईल. उद्या सकाळी त्या खिडकीशी जी बाई येईल, तिने काय करायचं? तिच्याकडे तर डायरीही नसेल.

अध्यक्ष महोदया, मी वीस दिवसांपूर्वी आपल्याकडे एक अर्ज दिला आहे. या न्यायालयातल्या जुन्या घटस्फोटांची नावांवरून सूची करायची. नवऱ्याच्या नावाने एक पत्रक, बायकोच्या नावाने एक. हे काम मी विनामूल्य करीन, आठवड्यातून तीन दिवस. नोंदवह्या खोलीबाहेर जाणार नाहीत. धाकटी तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती नावं वाचेल, मी लिहीन. आणि दोरीवाले दर गुरुवारी येतील. त्यांच्या पत्नीची परवानगी मी आधीच काढली आहे. त्या म्हणाल्या, "बाई, दोन गुरुवार घ्या हवं तर."

अर्ज विचाराधीन आहे असं मला कळवलं गेलं. मी दर सोमवारी येऊन त्याची चौकशी करते. खिडकीतले लोक आता मला ओळखतात. पुढच्या सोमवारीही येणार आहे.

दोरीवाले, तुम्ही दोन बायकांना आपापल्या जागी नेऊन बसवलंत. आभार मानायची मला फारशी सवय नाही, पण मनापासून मानते. अध्यक्षांचे, वकील संघाचे, हे सगळं ऐकून घेतलेल्या तुम्हां सर्वांचे, आणि चारदा घड्याळ दाखवूनही माईक बंद न करणाऱ्या सूत्रसंचालक बाईंचेही आभार. माझी जीभ तिखट आहे. बोलताना कोणाला लागलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर वयाकडे पाहून क्षमा करावी.

अर्जाचं उत्तर मात्र लेखी द्यावं. मी इथे समोरच बसले आहे.